मॅनिकिन की व्हीआर हेडसेट? नाशिकच्या स्किल लॅबसाठी काय घ्यावं

स्किल लॅबसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांना रुग्णाआधी सराव देणाऱ्या खोलीसाठी, पैसे मंजूर झालेत आणि टेबलावर दोन कोटेशनं आहेत: एक मॅनिकिनचं (सरावासाठीचा माणसासारखा पुतळा), एक व्हीआर हेडसेटचं (डोळ्यांवर चढवून आभासी रुग्ण दाखवणारं उपकरण). 2019 पासून एमबीबीएसला कौशल्याधारित अभ्यासक्रम लागू झाला, तेव्हापासून हा प्रश्न नाशिकमधल्या कॉलेजांनाही सोडवावाच लागतो. नर्सिंगवाल्यांची अडचणही हीच.

माझं मत आधीच सांगते. हाताला वळण लावायचं असेल तर मॅनिकिन, निर्णय घ्यायला शिकवायचं असेल तर व्हीआर. आणि व्हीआर घ्यायचंच ठरलं, तर त्यातल्या रुग्णाचं शरीर गणितावर चालतं की आधी लिहून ठेवलेल्या पटकथेवर, हे तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

हाताचं लवकर आटपते. सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्याला वाचवताना, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. हवेत हात हलवून हे येत नाही. दोन मिनिटांत मनगटं भरून येतात आणि दाब उथळ पडायला लागतो, ते कळायला तळहाताखाली काहीतरी घट्ट हवं. अंबू बॅगचा, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीचा, मास्क धरताना कडेनं हवा निसटते, तेही हातालाच कळतं. इथे साधं मॅनिकिन महागड्या हेडसेटला भारी पडतं.

आता शरीराच्या गणिताकडे. बायोगिअर्स आणि त्यातूनच पुढे निघालेलं पल्स ही शरीरक्रियेची दोन इंजिनं, म्हणजे शरीराचं काम समीकरणांनी चालवून दाखवणारी सॉफ्टवेअरं, मुक्त स्रोत आहेत. त्यांत रक्ताभिसरण विद्युतमंडलाच्या धर्तीवर मांडलेलं असतं: दाब म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे करंट. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड, औषधं सगळी एकमेकांना जोडलेली, त्यामुळे एक आकडा हलला की बाकीचेही हलतात. आर्थर गायटन आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये रक्ताभिसरणाचं नियंत्रण समीकरणांत बसवलं होतं, त्याच वाटेवरचं हे काम.

डेमोला गेलात की हे करून बघाच. 70 किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. रक्तस्राव सुरू करायला सांगा आणि उपचार काहीच करू नका. पहिल्या 750 मिलिलिटरपर्यंत मॉनिटरवर फारसं काही दिसू नये. तिथून दीड लिटरपर्यंत नाडी मिनिटाला 100 च्या वर जावी, वरचं आणि खालचं बीपी एकमेकांच्या जवळ यावं, वरचं मात्र टिकून राहावं. ते कोसळायला हवं दीड लिटरच्या पुढे. मग नुसतं सलाईन द्या, रक्त देऊ नका. बीपी थोडं सावरेल, पण हिमोग्लोबिन उतरलंच पाहिजे. सॅच्युरेशन मात्र 97-98 वरच राहू शकतं, कारण उरलेल्या हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरलाय एवढंच ते सांगतं. नवा विद्यार्थी नेमका इथे निर्धास्त होतो, आणि त्याला तो धडा मिळावा म्हणूनच हा खर्च करायचा. पटकथेवरचा रुग्ण ‘सलाईन दिलं, बीपी 110’ म्हणून बरा होऊन जातो. असं सॉफ्टवेअर चित्रं कितीही देखणी असली तरी घेऊ नका. चुकीचे उपचारही त्यात पचून जातात.

काही महागड्या मॅनिकिनांतही असं इंजिन असतं. पुष्कळदा मात्र काचेपलीकडे बसलेला शिक्षक हातानं आकडे बदलतो. शिक्षक मुरलेला असेल तर तेही उत्तम चालतं, पण तो एका वेळी एकच रुग्ण सांभाळतो.

आपल्याकडे हा मुद्दा मोठा आहे. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 जणांचा जीव गेला, आणि 2027 ची पर्वणी समोर आहे. एकाच वेळी दहा जखमी, प्रत्येक जण आपापल्या वेगानं खालावतोय, आधी कोणाकडे जायचं? याचा सराव पुन्हा पुन्हा घ्यायचा तर व्हीआरच हवं.

पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रात जाणाऱ्यांना मण्यारचा दंशही शिकवायला हवा. जखम धड दिसत नाही, पापण्या जड होतात, मग श्वास उथळ होत जातो. ही लक्षणं हेडसेटमध्ये सावकाश उलगडून दाखवता येतात. अंबू बॅग दाबायची वेळ आली की विद्यार्थ्याला हेडसेट काढून मॅनिकिनकडे न्या.

हेडसेटमध्ये काहींना मळमळतं, म्हणून एका जागी उभं राहून करायचे प्रसंग निवडा. रुग्ण मराठीत बोलतो का, तेही विचारा.

बजेट तुटपुंजं असेल, तर आधी छातीच्या दाबाची खोली दाखवणारी चार-पाच साधी मॅनिकिनं घ्या. उरलेल्या पैशांत दोन हेडसेट आणि इंजिनावर चालणारं सॉफ्टवेअर. प्रत्येक प्रसंगानंतर कोणत्या मिनिटाला काय दिलं आणि आकडे कसे बदलले याची नोंद हातात मिळेल, ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या. ती नोंद समोर ठेवून विद्यार्थ्यांशी अर्धा तास बोलायला शिक्षक मोकळा नसेल, तर हेडसेटची खरेदी सध्या लांबणीवर टाका.