जुन्या गाडीचा सेल्फ: दुरुस्त करायचा, तयार घ्यायचा की नवा टाकायचा?

जुन्या डिझेल जीप-पिकअपचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, त्रास देऊ लागला की जळगाव-धुळ्याकडे तीन सल्ले हमखास मिळतात. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, खोलून दुरुस्त करू. दुकानदार म्हणतो, तुमचा जुना द्या आणि दुसरा, दुरुस्त करून तयार ठेवलेला, घेऊन जा. आणि शेजारी म्हणतो, नवाच टाक भो, कटकट मिटेल. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. पण बिघाड खरंच सेल्फमध्ये आहे का, हे पुष्कळदा कोणी पाहिलेलंच नसतं. म्हणून आधी सेल्फ आणि बॅटरी यांची तुलना करू, मग तीन पर्यायांची.

रात्री किंवा सावलीत गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि एकाला सेल्फ मारायला सांगा. लाइट एकदम मावळले आणि ‘टकटकटक’ असा भरभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. लाइट जसेच्या तसे प्रखर राहिले आणि काहीच आवाज आला नाही, तर सोलेनॉइडला (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा चुंबकी स्विच) हुकूमच पोचत नाही: चावीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर तपासायची. एकच जाड ‘टक्’ येऊन लाइट टिकून राहिले, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेले असण्याची किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे घासते तुकडे) संपलेले असण्याची शक्यता जास्त. ‘टक्’बरोबर लाइट पार बसले, तर बॅटरीची खात्री झाल्यावर सेल्फ अडकला आहे असं समजा. मोटर ‘झूंऽऽ’ करून फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही, तेव्हा बेंडिक्सचा (सेल्फचं दातेरी चाक इंजिनाला जोडणारा भाग) क्लच घसरतोय. ‘खर्रर्र’ आवाज मात्र हलक्यात घेऊ नका. पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनाचं जड चाक) रिंगचे दात एकमेकांना खात असतात. रिंग गेली तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि खर्च सेल्फच्या कितीतरी पुढे जातो.

इंजिन जोमात फिरतंय पण सुरू होत नाही, तर सेल्फचा काही दोष नाही. डिझेल, हवा धरलेली लाइन, ग्लो प्लग (थंडीत इंजिन आतून गरम करणारे), डिझेल तोडणारा सोलेनॉइड, तिकडे बघा. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपड्याकडे हिवाळ्यातल्या पहाटे ज्या गाड्या अडतात, त्यांतल्या बऱ्याच ग्लो प्लगच्या असतात.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे तो असावा असं मला मनापासून वाटतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२ दिसलं तर जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये. भरलेली बॅटरीही त्याखाली कोसळत असेल तर एक तर बॅटरी आतून संपली आहे, नाही तर सेल्फ नको तितका करंट ओढतोय. दुसरी चांगली बॅटरी लावून पाहिली की दोघांतला दोषी लगेच कळतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात बॅटरीतलं पाणी आटतं, प्लेटा लवकर खराब होतात आणि बोल सेल्फला लागतो.

फारसं कोणी न करणारी तपासणी म्हणजे वायरची. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या नटावर ठेवून सेल्फ मारायचा. इथे अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर मेन वायर किंवा तिचे थिंबल (टोकाचे धातूचे कान) खराब. तसंच बॅटरीचा मायनस खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यात पाव व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. डिझेल इंजिन फिरवायला दोनशे ते चारशे अँपिअर लागू शकतात, एवढ्या करंटला हिरवट गंजलेलं एक टोकही अडवतं. इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी जुन्या जीपमध्ये तुटलेली सापडणं अगदी नेहमीचं आहे. पॉलिश पेपर, नवं थिंबल आणि अर्थची नवी पट्टी एवढ्यावर काम भागत असेल तर सेल्फ उतरवायचाच कशाला?

एक लक्षण आपल्या भागात खास दिसतं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वर चहाला थांबलात आणि परत निघताना सेल्फ जड झाला, थंड झाल्यावर पुन्हा ठीक. हे बहुधा घासलेल्या बुशचं, म्हणजे दांड्याला आधार देणाऱ्या कड्यांचं, काम. बुश झिजले की आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) खाली बसून फील्डच्या (भोवतालच्या स्थिर भागाच्या) लोखंडाला घासतं, करंट वाढतो, आणि गरम इंजिनाजवळ ते आणखी जाणवतं. तापी काठची काळी माती सेल्फवर थापली जाते, पावसाळ्यात चिखल आत शिरतो, उन्हाळ्यात त्याचीच धूळ होते. बुश आणि बेंडिक्स दोन्ही तिने लवकर झिजतात.

एवढं करूनही बोट सेल्फकडेच दाखवत असेल, तर मग पर्याय.

कार्बन, बुश, बेंडिक्स किंवा सोलेनॉइड एवढंच गेलं असेल तर मूळचा सेल्फ दुरुस्त करून घ्या, असं मी ठामपणे सांगेन. महिंद्राच्या कमांडर-मार्शल जीपच्या काळातले सेल्फ वजनदार, जाड तांब्याचे आणि खोलून जोडता येण्यासारखे आहेत. बॉडी आणि फील्ड सहसा शाबूत असतात. अट एकच, काम करणारा माणूस नीट हवा. कार्बन बदलले आणि बुश तसेच ठेवले, तर ती अर्धी दुरुस्ती. कम्युटेटर (आर्मेचरवरची तांब्याच्या पट्ट्यांची कडी, जिच्यावर कार्बन घासतात) खरवडलेला असेल तर लेथवर साफ करून पट्ट्यांमधला अभ्रक थोडा खाली कापून घ्यायला सांगा. आर्मेचर आतून शॉर्ट आहे का, हे ग्रोलरवर (आर्मेचर तपासायचं यंत्र) लावून कळतं. ज्याच्याकडे ग्रोलर आहे त्याच्याकडे गाडी न्या, मग तो दोन गल्ल्या लांब असला तरी चालेल.

आर्मेचर जळलं असेल तर हिशोब बदलतो. विहिरीची मोटर भरणाऱ्याकडे ते देऊन उपयोग नसतो. सेल्फच्या आर्मेचरमध्ये बारीक तारेऐवजी तांब्याच्या जाड पट्ट्या असतात आणि ते काम वेगळं आहे. नवं आर्मेचर, त्यावर बुश, कार्बन, बेंडिक्स आणि मजुरी यांची बेरीज करा. ती नव्या सेल्फच्या निम्म्यापलीकडे गेली तर दुरुस्तीचा हट्ट सोडा.

जुना देऊन तयार सेल्फ घेण्याचा मोठा फायदा वेळ. रावेर-सावद्याकडे केळीची कापणी चालू आहे, भरलेली पिकअप बांधावर उभी आहे, अशा वेळी दुसरा दिवस कोणाला परवडतो? पण त्या सेल्फच्या आत काय टाकलंय ते दिसत नाही. बाहेरून रंग मारलेला आणि आत जुनेच बुश, असं घडतं. शिवाय आपला चांगला मूळ सेल्फ कायमचा हातातून जातो. म्हणून हा पर्याय माझ्या यादीत शेवटचा. घ्यायचाच झाला तर लेखी वॉरंटी घ्या आणि तुमच्यासमोर व्हाइसमध्ये धरून फिरवायला लावा.

नवा सेल्फ कोणी घ्यावा? ज्याची गाडी रात्री-अपरात्री पेशंट नेते, जो तोरणमाळ किंवा बिजासन घाटाकडे एकटा जातो, ज्याला धक्का मारायला माणसं मिळणार नाहीत, त्याने. तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. काही जुन्या इंजिनांसाठी आता आत गिअर असलेले छोटे, हलके सेल्फ मिळतात. ते कमी करंटमध्ये इंजिन जोरात फिरवतात, म्हणून थकलेल्या बॅटरीलाही सोपे जातात. मात्र पिनियनच्या दातांची संख्या, फिरण्याची दिशा आणि फ्लँजची (सेल्फ बसवायच्या पाटीची) भोकं जुन्याशी जुळवूनच घ्या. ‘बसतो हो’ या शब्दावर घेतलेला सेल्फ फ्लायव्हीलची रिंग खाऊन टाकतो.

दुरुस्ती होईपर्यंत कधी सेल्फ, कधी धक्का मारून दिवस काढणार असाल तर दोन गोष्टी. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. सेल्फ तापून आर्मेचर जळतं ते इथेच. आणि स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करून गाडी उठवणं बंद करा. गिअरमध्ये राहिलेली जीप समोर उभ्या माणसाच्या अंगावर जाते, आणि बॅटरीजवळ ठिणगी पडली तर तिच्यातला वायू पेट घेतो.

सेल्फ उतरवताना आधी बॅटरीची मायनस वायर काढा, लावताना ती शेवटी लावा. आणि मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, भाऊ, काढलेले जुने कार्बन, बुश, बेंडिक्स माझ्या हातात द्या.