नाशिकची मावशी, पुण्याची मिसळ: न्यायचं कुठे?

"रविवारी सकाळी पोचतो. आई आणि चिऊपण आहेत. मिसळ तुझ्याकडून." मावसभावाचा एवढाच निरोप. त्याला वाटतं, त्यात ठरवायचं ते काय? पण तीन माणसं म्हणजे तीन जिभा. हा स्वतः तिखट खाणं इभ्रतीचा प्रश्न करतो, मावशीला बहात्तराव्या वर्षी पित्ताचा त्रास आणि चिऊ आठ वर्षांची. शिवाय तिघंही नाशिकचे, म्हणजे मिसळीबद्दल मतं घेऊनच गाडीत बसणार.

पाहुणे घेऊन मिसळ खायला जायचं असेल तर "सगळ्यात भारी कुठली" हे विचारूच नका. त्याचं उत्तर प्रत्येक पुणेकराकडे आहे आणि ते सहसा त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतं. विचारायचं हे: सोबतच्यांतली सगळ्यात नाजूक जीभ कुणाची, आणि खाऊन झाल्यावर जायचं कुठे?

बेडेकर. नारायण पेठेत, मुंजाबाच्या बोळात. कोल्हापूरकर आणि नाशिककर सगळ्यात जास्त नाकं मुरडतात ते इथेच, "ही काय गोड मिसळ!" म्हणत. गोड नाही, गोडसर आहे, आणि ते मुद्दाम आहे. ताटलीत खाली पोहे, बटाट्याची भाजी, वर चिवडा, शेव, कांदा, आणि मग रस्सा. त्या रश्शात तिखटाच्या बरोबरीने आंबटगोड चव असते. पहिल्या घासाला काहीच होत नाही, तिसऱ्या-चौथ्या घासाला आलं घशाशी येतं. पोहे रस्सा पितात, त्यामुळे पाच मिनिटं गप्पा मारत बसलात तर ताटली कोरडी. तेव्हा गप्पा नंतर मारा. रस्सा पुन्हा हवा असेल तर "सँपल द्या" म्हणायचं. पुण्यात सँपल म्हणजे नमुना नव्हे, मिसळीचा रस्सा. माझा भाऊ मागच्या वेळी दोन मिनिटं विचार करत होता की हे लोक कसलं सँपल देतायत. आठ वर्षांची मुलगी, वयस्कर माणूस आणि पुणेरी मिसळीची सवय नसलेला, तिघांना एकाच टेबलावर बसवायचं तर मी इथेच नेईन. चारचाकी मात्र पेठेत आणू नका. सम-विषम तारखेच्या पार्किंगचा बोर्ड वाचता वाचता भूक मरते. मी एकदा तारीख चुकलो होतो. त्या दिवशीची मिसळ मला दंडासकट पडली.

कटाकिर्र. एरंडवण्यात, कर्वे रस्त्यावरून आत भोंडे कॉलनीत. नावातच कट आहे, म्हणजे तिखट रस्सा. ही पेठेतली मिसळ नव्हे, हिचं गोत्र कोल्हापूरचं. मटकीची उसळ, फरसाण, लाल तवंग. नाव सांगून वाट बघायची, आणि रविवारी ती वाट भरपूर बघायची. तिखट किती हवं ते विचारतात. इथे फुशारकी मारू नका. भाऊ मारेल, त्याला मारू द्या. वनाज मार्गावरची मेट्रो नळ स्टॉपला थांबते, तिथून चालत जाता येतं, त्यामुळे गाडीचा प्रश्नच उरत नाही. मावशीला इथे नेणार नाही. तिखटामुळे नव्हे (कमी तिखट मिळतं), उभं राहावं लागतं म्हणून.

एक गैरसमज मोडायला हवा. लाल दिसतं ते तिखट असतंच असं नाही. बेडगी मिरची रंग देते, जाळ बेताचा असतो. लवंगी किंवा संकेश्वरी पडली की कानातून धूर निघतो. तवंग म्हणजे मसाला तेलात परतल्यावर सुटलेलं तेल, आणि मिरचीचा तिखटपणा त्या तेलात उतरलेला असतो. म्हणून चिऊच्या ताटलीत रस्सा चमच्याने तळातून घ्यायचा, वरचा तवंग बाजूला सारून. तोंड भाजलं की पाण्याचा काही उपयोग नाही, तिखट पाण्यात विरघळत नाही. दही, दूध, नाहीतर नुसता कोरडा स्लाइस चावायला द्या.

आणि उलटही खरं. वैद्य उपाहारगृह, फडके हौदाजवळ. शंभरी ओलांडलेलं दुकान. इथला रस्सा हिरव्या मिरचीचा, तवंग नाही. बघून वाटतं, आजारी माणसाला द्यावी अशी मिसळ आहे. तशी ती नाही, हिरवी मिरची आपलं काम करतेच. पण तेल तरंगत नसल्यामुळे नंतर पोट जड होत नाही, दुपारी आडवं व्हावंसं वाटत नाही. ज्यांना तेलाचं वावडं आहे, तिखटाचं नाही, त्यांच्यासाठी मला हीच पटते. मावशीच्या दृष्टीने हिची खरी जमेची बाजू पुढे आहे. कसबा पेठ मेट्रो स्टेशन जवळ, कसबा गणपती जवळ, आणि तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी ठोकण्याचे आवाज अजून येतात. मावशी एकदा त्या आळीत शिरली की जेवणापर्यंत आपण मोकळे. पण नाशिकच्या माणसाला, ज्याच्यासाठी मिसळ म्हणजे लाल रंग, ही फार साधी वाटेल आणि तो तसं मोठ्याने बोलून दाखवेल, दुकानात बसूनच.

श्रीकृष्ण भुवन तुळशीबागेत. आल्याचा ठसका, रेटारेटी, आणि बाहेर पडलं की भातुकलीची दुकानं. चिऊचं लक्ष मिसळीवर राहणार नाही, पण त्याला तुमचा इलाज नाही. मंडई स्टेशन सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाल्यापासून तिथे पोचणं सोपं झालंय. खरेदी ठरलेलीच असेल तर हेच घ्या. फक्त मिसळीसाठी त्या गर्दीत मी मुद्दाम जाणार नाही.

रामनाथ, टिळक रस्त्यावर, साहित्य परिषदेजवळ. झणझणीत. एवढंच. भावाला एकट्याला न्यायचं असतं तर दुसरीकडे बघितलंही नसतं.

शहराबाहेरच्या मोठ्या, बैलगाडीच्या चाकांनी सजवलेल्या मिसळ-हॉटेलांबद्दल विचाराल तर मी एकदा एका ठिकाणी गेलो होतो. फोटो काढायला जागा होती, झोपाळा होता, ताटात पापडापासून जिलेबीपर्यंत नऊ वाट्या होत्या. रस्सा कोमट होता. लहान मुलांना पळायला जागा हवी असेल तर जा.

मिसळ नकोच म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याला फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत नेऊन एसपीडीपी मागवा, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी. तिथेही रांग आहे, पण ती झाडाखाली आहे.

कुठेही जा, नवाच्या आत जा, आणि निघण्याआधी आज उघडं आहे ना ते बघून घ्या. पेठेतल्या जुन्या दुकानांच्या सुट्ट्या त्यांच्या त्यांना माहीत.

तर रविवारचा बेत बेडेकर. भावाची हौस संध्याकाळी, किंवा पुढच्या खेपेला तो एकटा आला की रामनाथवर. मावशीला फोन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पित्ताची गोळी आधी घ्यायची की नंतर तेही विचारलं, आणि शेवटी मुद्द्यावर आली.

"तिथे पाव देतात ना रे?"

"नाही मावशी. स्लाइस. पेठेत मिसळीबरोबर स्लाइसच."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "बरं. मग मी इथून डब्यात चार घेऊन येते."