एका वहीचे आठ महिने : संत इग्नेशियसचं ‘विशेष परीक्षण’ वापरल्यानंतर

राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी), ५ मार्च २०२५ ला, वसई स्टेशनबाहेरच्या दुकानातून मी चाळीस रुपयांची शंभर पानी वही घेतली, सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत इग्नेशियसच्या पद्धतीने रोज माझा एकच दोष मोजण्यासाठी. आता नोव्हेंबर चालू आहे आणि वहीची वीसेक पानं उरली आहेत. आध्यात्मिक वाढीसाठी मी आजवर जे जे वापरलं, त्यात ही वही सगळ्यात स्वस्त, आणि माझ्या स्वभावापर्यंत पोचलेली ही एकच गोष्ट. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी काय काय केलं ते सांगतो. फोनवरच्या अॅपमधला वर्षभरात बायबल वाचून काढण्याचा नेम मी पूर्ण केला, एकही दिवस न चुकता. ब्रिटनमधल्या जेजुइटांची (इग्नेशियसने स्थापलेल्या कॅथलिक धर्मसंघाची) ‘प्रे अॅज यू गो’ ही रोजची ध्वनिप्रार्थना विरार लोकलमध्ये कानाला लावून ऐकली. दहा-बारा मिनिटांची असते, फार मनापासून केलेली. पण मी आईशी मराठीत भांडतो, त्यामुळे इंग्रजीतली प्रार्थना मनाच्या ओसरीवरच थांबायची. तीन दिवसांची तपसाधनाही केली. प्रत्येक गोष्टीतून काही ना काही मिळालं, नाही असं नाही. पण वर्षभराचा बायबलवाचनाचा नेम ज्या रात्री पुरा झाला, त्याच रात्री मी आईवर इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

आईचं वय एकोणऐंशी. तिला हल्ली आठवत नाही. संध्याकाळी ती एकच प्रश्न विचारते, “गॅस बंद केलास का?” तीनदा, चारदा, सहादा. माझा दोष हाच: जीभ. बाहेर कुणाशी मी चढ्या आवाजात बोलत नाही. ऑफिसात मला सगळे शांत माणूस समजतात. माझी जीभ फक्त घरात तिखट होते.

आमच्या ओळखीच्या एका वयस्क सिस्टरना (धर्मभगिनींना) मी हे बोललो. त्यांनी नवं पुस्तक दिलं नाही. त्या म्हणाल्या, “एकच दोष धर. आणि मोज.”

ही पद्धत जुनी आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेल्या इग्नेशियसने पुढे स्पेनमधल्या मानरेसा इथे जी साधना केली, तिच्यातून त्याचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक आकाराला आलं. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. त्यातच हे विशेष परीक्षण येतं. दिवसातून तीन वेळा: सकाळी उठताच त्या एका दोषापासून जपण्याचा निश्चय, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा हिशेब. प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा, दुपारची एक आणि रात्रीची एक. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. बऱ्याच छापील आवृत्त्यांत या रेघा दिवसागणिक आखूड होत गेलेल्या दिसतात. जागा कमी, म्हणजे ठिपकेही कमी व्हावेत, अशी त्यातली आशा.

आणखी एक बारीक सूचना आहे, आणि माझ्या मते सगळी ताकद तिच्यात आहे. घसरलो त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांत केलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या आठवड्यात हात छातीवर जायचा तो ओरडून झाल्यावर. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सुमारास एकदा वाक्य अर्धवट असतानाच गेला. मे महिन्यात एकदा, तोंड उघडण्याआधी. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो, हात छातीवर. आई मला विचारत होती, “छातीत दुखतंय का रे?”

वहीने मला माझ्याबद्दल एक गोष्ट दाखवली, जी इतक्या वर्षांच्या, फादरांपुढे केलेल्या पापनिवेदनात (आई त्याला कुमसार म्हणते) कधी माझ्या तोंडून आली नव्हती. मी ठिपक्याशेजारी वेळ लिहायला लागलो. मूळ पद्धतीत हे नाही, ही माझी भर. चार आठवड्यांनी पाहिलं तर जवळजवळ सगळे ठिपके संध्याकाळी सात ते आठच्या मधले. गाडीतून उतरल्यापासून ताट वाढलं जाईपर्यंतचा तास. मी रागीट आहे असं आयुष्यभर म्हणत आलो. खरं तर मी त्या वेळी भुकेला आणि दमलेला असतो, आणि त्याची किंमत आई चुकवते. तेव्हापासून बॅगेत राजेळीची सुकेळी (वाळवलेली केळी) ठेवतो. स्टेशनवरून चालत येताना दोन खातो, चर्चच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं बसतो, मग घरी जातो. कृपा माणसाच्या शरीरातूनही काम करते हे प्रवचनात कितीदा ऐकलं होतं, ते तिथे बसून कळलं.

आता तोटे. एप्रिलच्या मध्यावर मी ठिपक्यांच्या मागेच लागलो. रात्री उठून आठवायचं, हा धरला का, तो राहिला का. ठिपका नसलेल्या दिवशी अभिमान, जास्त असले की झोप नाही. सिस्टरनी वही पाहिली आणि बंद केली. इग्नेशियस स्वतः मानरेसात अशाच शंकाकुशंकांनी इतका पोखरला गेला होता की जीव द्यावा असे विचार त्याच्या मनात येत, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. म्हणून नुसतं विशेष परीक्षण करू नका. त्यानेच सांगितलेलं पाच टप्प्यांचं सर्वसाधारण परीक्षण त्याच्यासोबत करा. त्याची सुरुवात दोषापासून नाही, आभारापासून होते. मग प्रकाश मागणं, दिवसाचा हिशेब, क्षमा, सुधारण्याचा निश्चय, आणि शेवटी ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना. ज्यांचं मन आधीच स्वतःला सतत दोष देतं, त्यांनी ठिपके मोजूच नयेत, निदान कुणी जाणतं माणूस सोबत असल्याशिवाय. हे मी कळकळीने सांगतोय.

वाचन मी सोडलं नाही, कमी केलं. वर्षभरात सगळं बायबल या हट्टाऐवजी आठ महिने मुख्यतः याकोबाचं पत्र, तिसरा अध्याय. घोड्याच्या तोंडातला लगाम, मोठ्या तारवाचं लहानसं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. त्याच जिभेने देवाची स्तुती आणि त्याच जिभेने माणसाला शाप. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलमध्ये वाचतो, कारण ते मराठी आईलाही वाचून दाखवता येतं. तसं पाहिलं तर जेजुइटांची साधना मराठीला परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स त्याच संघाचे, १६१६ मध्ये त्यांचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण छापून आलं. चार शतकांपूर्वी त्यांना जमलं, तर मी माझा निश्चय सकाळी मराठीत म्हणायला काय हरकत आहे?

खंडही पडला. जुलैत पावसाने गाड्या कोलमडल्या, घरी यायला दहा वाजायचे, दोन आठवडे पानं कोरी. इग्नेशियसच्या सणाला, ३१ जुलैला, पुन्हा रेघा आखल्या. कोरी पानं फाडली नाहीत.

ख्रिस्ती असलेल्या कुणालाही ही पद्धत वापरता येईल, कॅथलिकच असावं असं नाही. अहमदनगरकडचा माझा एक प्रोटेस्टंट मित्र जूनपासून करतोय, त्याने फोनवरच्या वेळेचा दोष धरला आहे. दोष मात्र एकच धरा, आणि असा धरा की तो घडला की नाही हे मोजता येईल. ‘प्रेमळ व्हायचं’ हे मोजता येत नाही. ‘आईला तिसऱ्यांदा उत्तर देताना आवाज चढला का’ हे येतं.

आकडे विचाराल तर मार्चमधल्या एका मंगळवारी अकरा ठिपके होते. गेल्या आठवड्यात सात दिवसांत मिळून नऊ.

काल संध्याकाळी आईने चौथ्यांदा विचारलं. मी तिला हाताला धरून ओट्यापाशी नेलं, तिची बोटं गॅसच्या बटणावर ठेवली. तिने ते चाचपून पाहिलं, “हं, बंद आहे,” म्हणाली, आणि खाटेवर जाऊन बसली. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. कालच्या रात्रीच्या रेघेवर एक ठिपका आहे, त्याच्याशेजारी वेळ लिहिली आहे: ७.४०.