जर्मनीत ऑनसाइट: फर्निश्ड घर, वेगेतली (वाटून घेतलेल्या फ्लॅटमधली) खोली की रिकामा फ्लॅट?

पुण्यातून दहा-बारा महिन्यांसाठी ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामावर, जर्मनीला निघालेला माणूस आधी भाड्याचे आकडे लावत बसतो. त्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: त्या पत्त्यावर आनमेल्डुंग होईल का, घर किती दिवसांच्या नोटिशीवर सोडता येईल, आणि घरात स्वयंपाकघर आहे का. तिसरा प्रश्न विनोदाचा नाही. तिथल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा ओटा, सिंक, शेगडी यातलं काहीही नसतं. भिंतीतून नळाची जोडणी आणि छतातून दिव्याच्या वायरी तेवढ्या लोंबत असतात.

आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत ती करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा कागद लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. नोंद झाली की टॅक्स आयडी पोस्टाने येतो. जर्मन पेरोलवर असाल आणि तो वेळेत आला नाही, तर पगार सहाव्या, म्हणजे सर्वांत जास्त कर कापणाऱ्या, टॅक्स क्लासमध्ये कापला जाऊ शकतो. जास्तीचे पैसे नंतर परत मिळतात, पण तसं झालं तर पहिले महिने ओढाताणीचे जातात. रेसिडेन्स परमिटच्या कार्डालाही हाच पत्ता लागतो. म्हणून ‘खोली छान आहे, फक्त आनमेल्डुंग जमणार नाही’ असं कोणी म्हणालं की तिथेच नमस्कार करावा, भाडं कितीही कमी असो.

फर्निश्ड अपार्टमेंट

पलंग, भांडी, वीज, इंटरनेट सगळं भाड्यातच. बॅग ठेवली की दुसऱ्या दिवशी ऑफिस. भाडं बघून छाती दडपते, पण हिशोब मांडून बघा. समजा रिकाम्या फ्लॅटचं मूळ भाडं, म्हणजे काल्टमीटे, ८०० युरो, हीटिंग-पाण्यासह नेबेनकोस्टेन, म्हणजे भाड्यावरचे इतर खर्च, २००, वीज ५०, इंटरनेट ३५. झाले १,०८५. त्यात किचन, पलंग, वॉशिंग मशीन यांवर ३,००० गेले. दहा महिने राहिलात तर महिन्याला ३०० वाढतात, एकूण १,३८५. दोन वर्षं राहिलात तर वाढ १२५, एकूण १,२१०. म्हणजे दहा महिन्यांसाठी १,४०० चं फर्निश्ड घर महाग नाहीच. सामान विकून थोडं सुटतं, पण परतीच्या शेवटच्या आठवड्यात विकणाऱ्याला भाव मिळत नाही. १८.३६ युरोचं मासिक रेडिओ-टीव्ही शुल्क साधारण सगळीकडेच लागतं. ते घरटी असतं, माणशी नाही.

मेख कराराच्या मुदतीत आहे. ठरावीक मुदतीचा करार सहसा मध्येच मोडता येत नाही. प्रोजेक्ट सहाव्या महिन्यात आटोपला तरी दहा महिन्यांचं भाडं गळ्यात. नोटिशीचं कलम करारात लिहून घ्यावं, तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

वेगे

वेगे म्हणजे तीन-चार जणांनी वाटून घेतलेला फ्लॅट: खोली आपली, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक. तिन्हींत स्वस्त, आणि एकट्या माणसाला तिथली राहणी लवकर कळते. कचरा कुठल्या डब्यात, २५ सेंट डिपॉझिटची रिकामी बाटली परत कुठे द्यायची, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारीच काय आणायचं, हे रूममेट पहिल्या आठवड्यात शिकवतो. रेडिओ-टीव्ही शुल्कही सगळ्यांत मिळून एकच.

पण वेगेवाले माणूस निवडतात. भारतात बसून व्हिडिओ कॉलवर खोली मिळणं अवघड, आणि फसवणूकही इथेच जास्त: ‘मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी पोस्टाने येईल.’ घर बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. पोटभाडेकरू म्हणून जात असाल, तर मूळ मालकाची परवानगी आहे का ते विचारा.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात. पुट्झप्लान, म्हणजे साफसफाईची पाळी, तुमच्या आठवड्यात तुम्हीच पाळायची. पैसे देऊन सुटका नाही. आणि फोडणी. शेगडीवरची चिमणी अनेक ठिकाणी हवा बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा घरातच सोडते. हिंग-मोहरीचा वास आणि कुकरची वाफ तिथेच राहते, थंडीत खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून जाऊ शकतो. खिडकी नुसती तिरपी करून भागत नाही; दिवसातून तीन-चार वेळा ५-१० मिनिटं सताड उघडावी लागते. शेगडी सहसा सपाट काचेची असते, त्यामुळे गोल बुडाची कढई घरीच ठेवा. ती इंडक्शन असेल, तर साधा ॲल्युमिनियमचा कुकरही निकामी. तूपही नेऊ नका: युरोपियन युनियनबाहेरून येताना दुधाचे पदार्थ सामानात चालत नाहीत. बिनमिठाच्या लोण्याची २५० ग्रॅमची वडी कढवली की साधारण २०० ग्रॅम तूप निघतं.

रिकामा फ्लॅट

कुटुंब सोबत असेल आणि मुक्काम दीड वर्षाच्या पुढे असेल, तरच. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने आहे. मालक शूफा, म्हणजे पतनोंद, मागतो. नवख्याकडे ती नसते, तिथे कंपनीचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा पुढे कराव्या लागतात. किचन बसवलेलं घर शोधा, किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्या.

सोडताना नोटीस तीन महिन्यांची. ती कागदावर शाईने सही करून, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली, तरच तो महिना धरला जातो. ईमेल चालत नाही. कंपनीने एका महिन्यात परत बोलावलं की दोन महिन्यांचं भाडं वाया: वरच्या उदाहरणात २,००० युरो. हा खर्च कंपनी उचलणार का, हे निघण्याआधीच एचआरकडून लेखी घ्यावं. इंटरनेटही दोन वर्षांचं न घेता महिन्याच्या नोटिशीचं घ्या.

एकटे असाल आणि मुदत सहा महिन्यांच्या आत असेल, तर फर्निश्ड. सहा ते अठरा महिने असतील, तर आनमेल्डुंग देणाऱ्या फर्निश्ड घरात पहिले सहा आठवडे काढून, तिथून खोल्या प्रत्यक्ष बघत वेगेत जाणं सर्वांत बरं. मात्र पत्ता बदलला की पुन्हा २ आठवड्यांत नोंद.

घर कुठलंही असो, दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, पहिल्याच आठवड्यात घ्या, आणि त्यात चावी हरवण्याचं कलम आहे ना ते बघा. अनेक इमारतींत एकच चावी खालचं दार, तळघर आणि घर उघडते. ती हरवली तर सगळी कुलपं बदलण्याचं बिल हजारोंत जाऊ शकतं. आणि परतताना जर्मन बँकेचं खातं लगेच बंद करू नका. नेबेनकोस्टेनचा हिशोब हिशोबाचं वर्ष संपल्यावर १२ महिन्यांपर्यंत येऊ शकतो, आणि तोवर मालक डिपॉझिटचा काही भाग राखून ठेवू शकतो.