नऊ महिने हिब्रूचं ॲप वापरलं, व्याकरण मात्र मराठीनं शिकवलं

नवऱ्याला इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत पोस्टडॉक मिळालं आणि बॅगा भरता भरताच मी हिब्रू शिकवणाऱ्या एका ॲपची वर्षाची वर्गणी भरून टाकली. नाव सांगत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि इंग्रजीतून हिब्रू शिकवणाऱ्या कुठल्याही ॲपला त्या थोड्याफार लागू पडतील. आज नऊ महिने झाले. रोज अर्धा-पाऊण तास, तापाचे चार दिवस सोडले तर खाडा नाही. अक्षरओळख आणि उच्चार यांना पाचपैकी चार गुण. व्याकरणाला दोन, तेही भिडेखातर.

अक्षरांचं आधी सांगते, कारण ते पटकन संपतं. एकूण २२, उजवीकडून डावीकडे. त्यातली पाच शब्दाच्या शेवटी आली की वेगळी दिसतात. ॲपनं हे दोन आठवड्यांत पक्कं करून घेतलं. ‘त्सादी’ नावाच्या अक्षराच्या उच्चारावर तीन धडे आहेत. ते मी सरळ ओलांडले. तो आपल्या ‘चाक’मधला च आहे, आपल्याला त्यात शिकायचं काय?

गंमत पुढे सुरू होते. एक अख्खा धडा सांगतो की हिब्रूत ‘हॅव’ नाही, घाबरू नका. अहो, मराठीत तरी कुठे आहे? ‘मला दोन मुली आहेत’ हे हिब्रूत ‘येश ली श्तेय बानोत’. येश म्हणजे आहे, ली म्हणजे मला. दुसरा धडा ‘इज’च्या नसण्यावर. ‘अनी मोरा’, मी शिक्षिका. आपणही ‘हा माझा भाऊ’ म्हणून मोकळे होतोच. तिसरा धडा क्रियापदाला लिंग लागतं म्हणून हळहळतो. ‘मी जातो, मी जाते’ म्हणत वाढलेल्या माणसाला ‘अनी होलेख, अनी होलेखेत’ हे नवं नाही. इंग्रजीभाषकाला बसणारे धक्के मी महिनाभर फुकट सोसले आणि आपल्याला खरोखर जिथे अडतं तिथे ॲप गप्प.

अडलं ते रामला शहरात. तिथल्या भारतीय किराणा दुकानात कोकणातून येऊन स्थायिक झालेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आजी भेटल्या. मराठी ठसठशीत, जुन्या वळणाची. मी फुशारकीनं हिब्रूत पोहे मागितले, ‘अनी रोत्से...’ आजी हसल्या. ‘अगं, तू बाईमाणूस ना? मग रोत्सा म्हण. रोत्से पुरुषानं म्हणायचं.’ लिहिताना दोन्ही शब्द तंतोतंत सारखे, कारण रोजच्या लिखाणात स्वरचिन्हं देतच नाहीत. ॲपमधला आवाज पुरुषाचा, आणि मी तीन महिने तोच ऐकून पुरुषासारखी बोलत होते. सेटिंगमध्ये स्त्रीलिंगाचा पर्याय असेल म्हणून शोधला. नाही.

मग आजींकडे दर पंधरवड्याला फेरी सुरू झाली. ‘तू’लासुद्धा लिंग असतं हे कळत होतं, जिभेवर बसत नव्हतं: पुरुषाला अता, बाईला अत्. आणि अहो-जाहो नाहीच. बँकेतल्या म्हाताऱ्या साहेबांना ‘अता’ म्हणताना अजून मान खाली जाते. भूतकाळात उलटी तऱ्हा. आपलं गेलो-गेले वेगळं, त्यांचं ‘हालाख्ती’ दोघांना एकच. त्याहून मोठा खड्डा म्हणजे आपलं ‘मी पत्र लिहिलं, मी पोळ्या केल्या’. आपल्याकडे इथे क्रियापद पत्राच्या, पोळ्यांच्या मागे जातं, हिब्रूत ते कायम करणाऱ्याच्या मागे. मी कितीतरी दिवस वस्तूचं लिंग बघून क्रियापद बदलत होते. हा खड्डा कुठलंच इंग्रजी ॲप दाखवणार नाही, कारण त्यांच्या रस्त्यात तो नाहीच.

१८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या मिशनऱ्यानं हिब्रू व्याकरण मराठीतून छापलं होतं. आज ॲपांना ते सुचत नाही, म्हणून मी दोनशे पानी वही घेतली आणि आजींनी सांगितलेलं त्यात मराठीतून मांडत गेले.

वहीची सगळ्यांत जाड पानं धातूंची. बहुतेक शब्द तीन व्यंजनांवर उभे: क-त-व वरून काताव म्हणजे लिहिलं, मिख्ताव पत्र, कतोवेत पत्ता, कतावा लेख. हे धातू सात साच्यांत ओततात. साच्याला म्हणतात बिन्यान, म्हणजे इमारत. ॲप सात तक्ते देऊन पाठ करायला सांगतं. मी शिकणे-शिकवणे लिहिलं आणि समोर लोमेद-मेलामेद. खाणे-भरवणे, समोर ओखेल-माआखिल. नेसणे-नेसवणे, समोर लोवेश-मालबिश. प्रयोजक रूप आपल्या हाडात आहे, त्याला तक्ता कशाला? निफआल हा बहुधा ‘लिहिलं गेलं’चा साचा, हित्पाएल आपलं आपण किंवा एकमेकांशी करण्याचा. अरबीतून मराठीत आलेले शब्दही धावून येतात. हॉटेलात बिल मागायचं तर ‘खेश्बोन’, म्हणजे आपल्या हिशेबाचा चुलतभाऊ. पावतीला ‘कबाला’, कबूलच्या घरातली. रूपं तपासायला पेआलिम नावाचं संकेतस्थळ वापरते. कुठलंही क्रियापद टाका, सगळी रूपं उच्चारासकट समोर. या नऊ महिन्यांत सर्वांत जास्त उपयोग त्याचा झाला.

जिथे मराठी कामाला येत नाही ती ठिकाणंही सांगते. आपल्याकडे इंग्रजी ‘द’सारखं काही नाही, त्यांच्याकडे ‘हा-’ नामाला चिकटतं आणि मागून येणाऱ्या विशेषणालाही. बायित गादोल म्हणजे मोठं घर, हा-बायित हा-गादोल म्हणजे ते मोठं घर, पण हा-बायित गादोल म्हटलं की ‘घर मोठं आहे’ असं पूर्ण वाक्य झालं. एका ‘हा’नं! कर्माआधी येणारं ‘एत’ही असंच. आपला ‘ला’ बहुधा सजीव कर्माला लागतो, त्यांचं एत ठरावीक, माहीत असलेल्या कर्माला. इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांना हे एत मुळीच आवडत नसे आणि ते वगळून लिहीत, असं कळल्यावर माझा जीव जरा भांड्यात पडला. समास उलटे: बेत सेफेर, शब्दशः घर-पुस्तक, म्हणजे शाळा. क्रियापद शेवटी नाही, मध्ये: ‘अनी शोता काफे’, मी पिते कॉफी.

आकड्यांवर मी पाणी सोडलंय. तीन मुली शालोश, तीन मुलगे श्लोशा. बाकी बहुतेक ठिकाणी ‘आ’चा शेवट स्त्रीलिंगी, इथे पुल्लिंगी. बाजारात विक्रेतेच नियमाप्रमाणे ‘असारा श्कालिम’ न म्हणता ‘एसेर शेकेल’ ओरडतात, तर मी कोण?

ॲपची सर्वांत मोठी लबाडी मात्र सातव्या महिन्यात कळली. त्यांच्या प्रत्येक वाक्यावर स्वरचिन्हं असतात. वीजबिलावर नसतात, बसथांब्यावरही नाहीत. स-प-र ही तीन अक्षरं दिसली की ते सेफेर म्हणजे पुस्तक, सपार म्हणजे न्हावी की साफार म्हणजे मोजलं, हे आजूबाजूचे शब्द पाहून ठरवायचं. हे जमण्यासाठी आधी साचे अंगात भिनावे लागतात, आणि ॲपनं साचे भिनवलेच नव्हते. पहिल्या महिन्यापासून रोज दोन ओळी चिन्हांशिवाय वाचायला दिल्या असत्या तर मी तीन गुण दिले असते.

तुम्हाला नुसतं अक्षरज्ञान आणि दुकानातली दहा वाक्यं हवी असतील तर तीन महिन्यांची वर्गणी घ्या, पुरेल. माझी तीन महिन्यांनी संपते, पुढची भरणार नाही. वहीत हुफाल या साच्याचं पान अजून कोरं आहे, ते आजींच्या पुढच्या फेरीसाठी ठेवलंय. काल त्यांना फोन केला. तिकडून विचारलं, ‘मी झे?’ म्हणजे कोण बोलतंय. हिब्रूत मी म्हणजे कोण. मी सवयीनं म्हटलं, ‘मी!’ आजींनी परत विचारलं, ‘मी?’ बराच वेळ आम्ही दोघी तेच म्हणत होतो.