पक्षीनिरीक्षणासाठी पहिली परदेशवारी: श्रीलंका की भूतान?

भिगवणचे रोहित, कर्नाळ्याचे जंगल आणि आंबोली-तिलारीचा पट्टा काही हंगाम पाहून झाल्यावर देशाबाहेर जाण्याचा विचार करणाऱ्यांपुढे बहुधा श्रीलंका आणि भूतान ही दोन नावे येतात. दोन्ही देश जवळ आहेत, दोन्हीकडे आठ-दहा दिवसांत भरीव पक्षीनिरीक्षण होते आणि आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या तुलनेत खर्चही आवाक्यात राहतो. तरीही या दोन सहली मुळातच वेगळ्या आहेत. ज्यांना जानेवारी ते मार्च या काळात रजा मिळू शकते त्यांनी आधी श्रीलंकेला जावे आणि ज्यांचे वेळापत्रक मुलांच्या शाळेशी बांधलेले आहे त्यांनी भूतानचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला मुद्दा प्रदेशनिष्ठ पक्ष्यांचा. श्रीलंकेत 30हून अधिक जाती अशा आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठेही दिसत नाहीत. भूतानमध्ये पक्ष्यांच्या 700हून अधिक जातींची नोंद आहे, म्हणजे एकूण संख्येत तो देश कितीतरी पुढे आहे. परंतु केवळ भूतानमध्येच सापडणारी जात जवळजवळ नाही. तिथला वॉर्डचा कर्णा, तांबूस मानेचा धनेश किंवा सुंदर शिलींध्री हे पक्षी आपल्याच अरुणाचल प्रदेशात, ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरातही आहेत. याच ईगलनेस्टमधून पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांनी 2006 साली बुगुन लिओसिक्ला ही नवी जात जगापुढे आणली. पूर्व हिमालयातील पक्षीवैभवाचा मोठा भाग देशाची सीमा न ओलांडता पाहता येत असेल, तर पहिली परदेशवारी जिथले पक्षी इतरत्र दिसणारच नाहीत तिथे करावी, हे मला अधिक सयुक्तिक वाटते.

सह्याद्रीत नजर तयार झालेल्या निरीक्षकासाठी श्रीलंकेचे आणखी एक मोल आहे. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच संवेदनशील प्रदेश मानला जातो, आणि पाल्कची उथळ सामुद्रधुनी हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली की वेळोवेळी कोरडी पडत असे. त्यामुळे तिथले अनेक पक्षी आपल्याकडील पक्ष्यांचे निकटचे नातलग आहेत. आपल्या मलबारी राखी धनेशाच्या जागी तिथे श्रीलंकेचा राखी धनेश आहे, राखाडी रानकोंबड्याच्या जागी नारिंगी-तांबड्या अंगाचा आणि तुऱ्यात पिवळा पट्टा असलेला रानकोंबडा, म्हणजे त्या देशाचा राष्ट्रीय पक्षी. आणि मलबारी शीळकरी कस्तुराचा नातलग हॉर्टन प्लेन्स या डोंगरी पठारावरच्या ओढ्याकाठी, पहाटे किंवा तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात, फार चिकाटीने शोधावा लागतो. नावात श्रीलंका मिरवणारा बेडूकतोंड्या तर दोन्हीकडे आहे. ओळखीच्या आकृतीतला अनोळखी तपशील टिपण्याचा हा सराव घेतल्यावर निरीक्षक परत येऊन सह्याद्रीही अधिक बारकाईने पाहू लागतो. निळा मॅगपाय किंवा लाल तोंडाचा मालकोहा यांना मात्र आपल्याकडे तोड नाही.

हे पक्षी पाहण्याची मुख्य जागा म्हणजे सिंहराजा. 1988 साली जागतिक वारसा यादीत आलेल्या या वर्षावनात बराच वेळ काहीच हालत नाही. मग अचानक नारिंगी चोचीचे सातभाई आणि तुरेवाले कोतवाल यांच्या मागोमाग दहा-पंधरा जातींचा मिश्र थवा अंगावरून निघून जातो आणि पाच मिनिटांत पुन्हा शांतता पसरते. त्या पाच मिनिटांत कोणता पक्षी आधी पाहायचा हे मनाशी ठरवून ठेवावे लागते, म्हणून जाण्यापूर्वी आवाजांचा अभ्यास करणे अत्यंत आवश्यक आहे. सेरेंडिब शिंगळा घुबडाचा शोधही आवाजातूनच लागला: श्रीलंकेचे पक्षीअभ्यासक दीपल वाराकागोडा यांनी 1995 मध्ये ओळखीत न बसणारी हाक ऐकली, पक्षी प्रत्यक्ष दिसायला 2001 उजाडले आणि 2004 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. सिंहराजाला कितुलगला, नुवारा एलिया, हॉर्टन प्लेन्स आणि बुंदलाची पाणथळ जागा जोडली की सहल पूर्ण होते.

भूतानचे बलस्थान एका ठिकाणात नसून रस्त्यात आहे. किमान 60 टक्के भूभाग कायम वनाच्छादित राहील अशी तरतूद त्या देशाच्या राज्यघटनेतच आहे, आणि प्रत्यक्षातील जंगल त्याहून बरेच अधिक आहे. थ्रुमशिंग ला खिंडीतून योंगकोलाकडे उतरताना एकाच रस्त्यावर सूचिपर्णी वृक्षांपासून उष्ण प्रदेशातील रुंदपर्णी जंगलापर्यंत सगळे पट्टे लागतात आणि दर काही शे मीटर उतरल्यावर पक्ष्यांची यादी बदलत जाते. एप्रिलमध्ये पहाटे ट्रॅगोपॅन या रानकोंबड्याच्या कुळातील पक्ष्याची हाक दरीत घुमते, तर पारो या विमानतळाच्या गावाजवळच्या, जवळजवळ 4,000 मीटर उंचीच्या चेले ला खिंडीत मोनाल आणि रक्तवर्णी फेझंट रस्त्याच्या कडेला दिसू शकतात. पुनाखाच्या नद्यांकाठी पांढऱ्या पोटाचा बगळा आहे. जगात अडीचशेहून कमी उरलेला हा पक्षी दिसेलच असे कोणत्याही आयोजकाने सांगितले तर त्यावर विसंबू नये. आणि काळ्या मानेच्या क्रौंचांसाठी फोबजिखा खोऱ्यातील विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत, या एका गोष्टीमुळेही मला त्या देशाविषयी मनापासून आदर वाटतो.

निवड बहुतेक वेळा दिनदर्शिकाच करते. सिंहराजाचा परिसर जानेवारी ते मार्च कोरडा असतो आणि नवरंग, काश्मिरी माशीमार यांसारखे हिवाळी पाहुणेही तेव्हा बेटावर असतात. मे महिन्यात तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो, आणि दिवाळीच्या सुमारासही पावसाची शक्यता मोठी असते. भूतानचा सर्वोत्तम काळ एप्रिल ते मेचा पूर्वार्ध आहे, म्हणजे उन्हाळी सुट्टीशी जुळणारा. दिवाळी नोव्हेंबरमध्ये आली, तर ऑक्टोबरअखेरीस फोबजिखात उतरू लागलेले क्रौंच आणि 11 नोव्हेंबरचा गांगते गोम्पा या मठातील क्रौंच उत्सव, दोन्ही साधता येऊ शकतात.

खर्चाचे गणित वेगळे मांडावे लागते. मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे आणि तिथे पोहोचल्यावर चालकासह गाडी ठरवली की अडचण येत नाही. पारोला जायचे तर दिल्ली, कोलकाता किंवा बागडोगराहून विमान बदलावे लागते, अथवा रेल्वेने हाशिमाराला उतरून फुंटशोलिंगमार्गे रस्त्याने जावे लागते. भूतानमध्ये भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु शाश्वत विकास शुल्क दर रात्रीमागे माणशी 1,200 रुपये आहे. दहा रात्रींच्या मुक्कामात चार प्रौढांचे 48,000 रुपये केवळ त्यातच जातात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मे आहे. परदेशी पारपत्र असलेल्या मराठी कुटुंबांना मात्र हेच शुल्क सध्या 100 डॉलर पडते, तेव्हा त्यांनी श्रीलंकाच निवडावी.

ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर भूतानमधील उंची आणि सलग घाटरस्ते यांचा विचार आधी करावा. पारोहून योंगकोलापर्यंतचा प्रवास मुक्काम करत दोन-तीन दिवसांचा होतो. सिंहराजात उंचीचा त्रास नाही, पण दमटपणा आहे आणि जळवा आहेत. त्यासाठीचे लांब मोजे इथूनच घेऊन जावेत. शाकाहारींना भूतान सोपे जाते, कारण मिरची आणि चीजचे एमा दात्शी सगळीकडे मिळते. श्रीलंकेत खोबऱ्याच्या सांबोलमध्येही सुक्या माशाचा चुरा असतो, म्हणून विचारून घ्यावे.

दोन्हीकडे गाइड पक्ष्यांचा जाणकार आहे का, याची खात्री पैसे भरण्यापूर्वीच करावी. दर्शनीय स्थळे दाखवणारा गाइड पुनाखाचा किल्ला उत्तम समजावतो, पण पहाटे साडेचारला खिंडीत उभा राहीलच असे नाही. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावणार का, हेही त्याच वेळी विचारावे. विणीच्या हंगामात वारंवार वाजवलेल्या आवाजामुळे पक्षी घरटे सोडून प्रतिस्पर्ध्याच्या शोधात फिरत राहतो, आणि भूतानचा एप्रिल-मे हा नेमका विणीचा काळ आहे; तेव्हा जो आयोजक या प्रश्नाचे सरळ उत्तर देत नाही, त्याच्याकडे नोंदणी करू नये.