रफ हिरा की पॉलिश केलेला?

टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा रफ, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचं कलेक्शन काढतो तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो, की तेवढ्याच पैशात नेहमीचा चमकणारा हिरा का नको?

चमक हवी असेल तर सरळ पॉलिशवाला घ्या. राउंड ब्रिलियंटला, म्हणजे नेहमीच्या गोल कटला, ५७ किंवा ५८ पैलू असतात, त्यांचे कोन असे बसवलेले की आत गेलेला प्रकाश वरूनच परत येतो, आणि कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट यांचं सर्टिफिकेट मिळतं म्हणून दोन हिरे शेजारी ठेवून भाव ताडून बघता येतो. रफमध्ये ही सोय जवळपास नाहीच. तिथे मोठ्या नावाचे पैसे किती आणि खड्याचे किती हे कळणं खरंच अवघड, त्यामुळे वजन आणि नैसर्गिक असल्याचं लेखी घ्याच.

पण मला मनापासून आवडतो तो रफच! भिंगातून बघा, काही खड्यांवर बारीक बारीक त्रिकोणी खुणा दिसतात, त्या निसर्गानेच कोरलेल्या, आणि मूळ आठ बाजूंचा आकार तसाच राहिला असेल तर काय देखणा दिसतो तो. शिवाय गोल कट करताना बऱ्याचदा निम्म्याहून जास्त वजन उडतं, इथे ते वाचतं. कडकपणा दोघांचा सारखाच, ओरखड्याची फारशी भीती नाही, फक्त रफचा आकार वेडावाकडा असल्याने सेटिंग नीट बघा, खडा बोटाने हलवून बघा, जरा जरी हलला तर नको.

साखरपुड्याला पॉलिशवाला, रोज गळ्यात घालायला रफ, असं माझं मत.